कोळंबीच्या पोटात नेमकं काय असतं? जठर तपासण्याची रीत, जाळ्यापासून तक्त्यापर्यंत

ठाणे-नवी मुंबईच्या कॉलेजांत प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला 'खाडीतल्या कोळंबीचा आहार' हा प्रकल्प कुणी ना कुणी घेतोच. खाडी दाराशी, कोळंबी बाजारात, मायक्रोस्कोप प्रयोगशाळेत, त्यामुळे विषय सोपा वाटतो. अहवाल मात्र बहुतेकदा एकाच वाक्यावर संपतो: 'मुख्य अन्न सेंद्रिय गाळ, बाकी किरकोळ.'

कोळंबी गाळ खाते, यात खोटं काही नाही. पण अहवालातल्या त्या गाळात बरंचसं अर्धवट पचलेलं मांस असतं. कोळंबी मेली म्हणून तिचे पाचकरस थांबत नाहीत. जेट्टीवरून कॉलेजपर्यंतच्या दोन-तीन तासांत जंतांचं मऊ अंग विरघळतं, शंख-शिंपल्यांतलं मांस नाहीसं होतं आणि काचपट्टीवर राखाडी लगदा तेवढा उरतो. नोंद होते 'सेंद्रिय गाळ' अशी. म्हणून या लेखात मायक्रोस्कोपइतकीच जागा जेट्टीवरच्या कामाला दिली आहे.

## टप्पा १: प्रश्न आधी, जाळं नंतर

'कोळंबी काय खाते' हा प्रश्न कामाचा नाही, कारण खाडीत 'कोळंबी' नावाचा एकच प्राणी नाही. जवळा पाण्याच्या थरात तरंगत सूक्ष्म वनस्पती आणि प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) टिपतो. अंबाड वेगळ्याच गटातली. मेटापीनिअस वंशातल्या कोळंब्या चिखलाच्या पृष्ठभागावर चाचपडत खातात. 'करंदी' म्हणून पाटीत जे येतं त्यात तर लहान आकाराच्या दोन-तीन जाती एकत्र असू शकतात. सगळ्यांची जठरं एकत्र मोजलीत तर येणारी सरासरी त्यातल्या एकाही जातीची नसेल.

वयाचंही तसंच. पीनिइड (मेटापीनिअस ज्या गटात येतं त्या) कोळंबीची नॉप्लिअस ही पहिली अळी-अवस्था काहीच खात नाही, अंड्यातल्या बलकावर जगते. पुढची प्रोटोझोइया वनस्पती-प्लवंगांवर, त्यापुढची मायसिस बहुतांशी प्राणी-प्लवंगांवर. त्यानंतरचं पिल्लू खाडीत येऊन तळाशी बसतं आणि वाढताना त्याचा घास बदलत जातो. त्यामुळे आकाराचे गट न करता केलेला अभ्यास मला अर्धाच वाटतो.

अशा प्रकल्पाला एवढं पुरतं: एक जात, दोन आकारगट, आणि एकच तुलना. ती पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर अशी चालेल, किंवा खाडीचं वरचं टोक आणि वाशीच्या खालचा भाग अशी चालेल. तीन तुलना एकदम हाती घेतल्या की प्रत्येक गटात चार-पाचच जठरं उरतात.

तपासा: प्रश्न एका वाक्यात लिहून पाहा. त्यात जात, आकार, जागा आणि काळ या चार गोष्टी नसतील तर अजून जाळ्याकडे वळू नका.

## टप्पा २: परवानगी, पंचांग आणि पेटी

ठाणे खाडीच्या पश्चिमेचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये ते महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं. अभयारण्याच्या हद्दीत एक कोळंबीही वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय उचलता येत नाही. अर्ज कॉलेजच्या पत्रावर, विभागप्रमुखांच्या सहीने, वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे द्या आणि उत्तराला वेळ लागेल हे धरूनच वेळापत्रक आखा. परवानगी येईपर्यंत हद्दीबाहेर मासेमारी करणाऱ्यांकडून ताजा माल विकत घेऊन पद्धतीचा सराव होतो. दिवाळे किंवा सारसोळ्याच्या जेट्टीवर पहाटे होड्या लागतात. तिथे आदल्या दिवशी जाऊन 'दादा, उद्या पाटी उतरवायच्या आधी मला वीस-पंचवीस नग बाजूला काढून द्याल का?' असं विचारून ठेवलं की काम होतं. ऐन लिलावाच्या गडबडीत विचाराल तर नाही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. प्रकल्पाचं वर्ष आखताना हे दोन महिने डोळ्यांसमोर ठेवा. खाडीची खारटपणाची पातळी सगळ्यात वेगाने बदलते ती याच काळात.

भरतीची वेळ सरकारी भरती-कोष्टकातून घ्या. ते हाताशी नसेल तर कोळीवाड्यातलं जुनं गणित आहेच: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास. हा हिशोब मुंबई बंदराच्या बाजूचा आणि ढोबळ आहे. कळवा-विटाव्याकडे पाणी त्याहून उशिरा चढतं. मोठ्या उधाणाला चढउतार चार मीटरच्या पुढे जातो, तेव्हा भांगाच्या (कमी चढउताराच्या) दिवसात घेतलेला नमुना आणि उधाणातला नमुना एकाच रकान्यात टाकू नका.

पेटीत हे हवं: बर्फाचा डबा, रुंद तोंडाच्या प्लास्टिक बाटल्या, निट्राइल हातमोजे, चष्मा, इन्सुलिनची सिरिंज, बारीक कात्री, चिमटा, खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर, तापमापक, ट्रेसिंग पेपरच्या पट्ट्या आणि पेन्सिल. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने लिहून ती पट्टी बाटलीच्या आत टाका. बाहेर चिकटवलेलं लेबल गळून पडणारच, असं धरून चाला.

फॉर्मॅलिन आदल्या दिवशी बनवा. बाजारात मिळणाऱ्या फॉर्मॅलिनचा एक भाग आणि गाळलेल्या खाडीच्या पाण्याचे नऊ भाग. त्यात बोरॅक्स घाला, तळाशी थोडा न विरघळलेला राहील इतका. ही पायरी सर्रास वगळली जाते. बोरॅक्सशिवाय फॉर्मॅलिन आम्लधर्मी होत जातं, त्यात फोरॅमिनिफेरा (कवच असलेले सूक्ष्म एकपेशी जीव) आणि कोवळ्या शिंपल्यांची चुनखडीची कवचं विरघळतात, आणि तुमच्या तक्त्यात 'मृदुकाय (शंख-शिंपले): शून्य' येतं. पीएच पट्टी ८ च्या आसपास दिसली की झालं.

सावधान: फॉर्मॅलिन कर्करोगकारक आहे. उघड्या हवेत, मोजे आणि चष्मा घालूनच हाताळा, आणि ती बाटली कोळणीच्या पाटीपासून लांब ठेवा. मासळीला फॉर्मॅलिन लावतात ही भीती बाजारात आहेच. तुमच्या बाटलीमुळे कुणाच्या धंद्यावर बोट उठता कामा नये. जेट्टीवर शक्यतो अल्कोहोल वापरा.

## टप्पा ३: खाडीत काय वाढून ठेवलंय ते आधी बघा

हा टप्पा वगळणारे पुढे काचपट्टीवरचा प्रत्येक तुकडा पाहून अडखळतात. कोळंबीचं तोंड म्हणजे पाटा-वरवंटा. जबडे आणि जंभपाद घास फाडतात, पुढे जठरातले दात तो आणखी चुरतात. अख्खा प्राणी क्वचितच दिसतो. तुकड्यावरून प्राणी ओळखायचा, तर तो प्राणी अख्खा असताना पाहिलेला हवा.

१. ज्या जागेवरून कोळंबी घेणार तिथलाच चिखल घ्या, वरचे चार-पाच सेंटिमीटर. अर्धा मिलिमीटरच्या चाळणीतून गाळला की जंत, अँफिपॉड (कोळंबीचे चिमुकले भाऊबंद), लहान शिंपले वर राहतात. खाली गेलेलं ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धरलं की सूत्रकृमी, कोपेपॉड (त्याहून सूक्ष्म कवचधारी), फोरॅमिनिफेरा मिळतात.

२. पृष्ठभागावरचा तपकिरी थर चमच्याने खरवडून वेगळा ठेवा. चिखलावरचे डायटम (काचेसारख्या कवचाची एकपेशी शैवालं) त्यातच असतात.

३. तिवराचं (खाडीकाठच्या कांदळवनातल्या झाडाचं) ताजं पान, पिवळं पान आणि चिखलात कुजलेलं पान, तिन्हींच्या पातळ खरवडी काचपट्टीवर घ्या. तिवराच्या पानाच्या खालच्या बाजूला गदेच्या आकाराचे सूक्ष्म केस असतात, कुजक्या तुकड्यातही ते ओळखू येतात.

४. आता प्रत्येक प्राणी दोन काचपट्ट्यांमध्ये चिरडा आणि फोटो काढा. अख्ख्या प्राण्याच्या फोटोइतकाच चिरडलेल्याचा फोटोही पुढे लागणार आहे.

तपासा: जोडीदाराने न सांगता ठेवलेली चिरडलेली काचपट्टी पाहून जंत, अँफिपॉड आणि कोपेपॉड वेगळे सांगता येतात का? येत नसतील तर इथेच थांबा.

## टप्पा ४: पकडणं

पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकून मिळालेली कोळंबी सगळ्यात चांगली. जाळं पडतं, ओढलं जातं, मिनिटांत प्राणी हातात येतो. डोल किंवा बोकशी या पिशवीसारख्या जाळ्यांचं तसं नाही. ती प्रवाहात कितीतरी वेळ लावलेली असते आणि खोळात कोळंबी, जवळा, चिंगूळ, मासळीची पिल्लं एकत्र दाबली जातात. अडकलेली कोळंबी तिथेही खात राहते, बाजूच्या जवळ्याचा लचका तोडते. तुमच्या तक्त्यात मग 'कवचधारी' (जवळा-कोळंबीसारखे प्राणी) एकदम वर चढतात. तो खाडीतला आहार नव्हे, खोळातला. डोलीचाच माल मिळणार असेल तर जाळं किती वेळ लावलं होतं ते विचारून लिहा आणि ताज्या, न पचलेल्या जवळ्याच्या तुकड्यांकडे संशयाने बघा.

वेळेचं काय? पीनिइड कोळंब्यांतल्या बऱ्याच जाती दिवसा चिखलात दडतात आणि अंधार पडला की खायला बाहेर निघतात. ठाणे खाडीचं पाणी गढूळ, त्यामुळे दिवसाही काही खाणं चालतं. एकाच वेळेचे नमुने घेतलेत तर रिकामी जठरं का मिळाली हेच कळणार नाही. शक्य असेल तर एकाच दिवसाची भरती चढताना, पूर्ण भरती, ओहोटी उतरताना आणि सुकती (पूर्ण ओहोटी) अशा चार वेळा साधा. रात्रीचा नमुना घ्यायचाच असेल तर होडीतून, मच्छीमाराबरोबर.

सावधान: ओहोटीत उघडा पडलेला चिखल घट्ट वाटला तरी कमरेपर्यंत आत घेतो. एकट्याने, वा पाणी फिरायच्या वेळेला, त्यात उतरू नका.

बाजारातली कोळंबी या अभ्यासाला चालत नाही. ती वाशीच्या खाडीतली की गुजरातची, विकणाऱ्या मावशींनाही खात्रीने सांगता येणार नाही. जठर काढायचा हात बसवण्यासाठी मात्र तिच्याइतकं स्वस्त साधन नाही.

## टप्पा ५: पहिली दहा मिनिटं

कोळंबीच्या जठराच्या मागेच हिपॅटोपँक्रियाज ही पाचकरसांची मोठी ग्रंथी असते. प्राणी मेल्यावर तिचे रस आजूबाजूला पसरतात. कोळंबीचं डोकं आधी काळं-मऊ पडतं त्याचं हेही एक कारण आहे. जिवंतपणीसुद्धा जठर काही तासांत रिकामं होतं आणि मऊ अन्न सगळ्यात आधी जातं. म्हणजे उशीर सगळ्या अन्नाला सारखा भोवत नाही. जंताचं अंग गेलं तरी त्याचे ताठ केस राहतात, शिंपल्याचं मांस गेलं तरी कवच राहतं, डायटमचं तर काहीच बिघडत नाही. उशिरा स्थिर केलेल्या (म्हणजे फॉर्मॅलिन-अल्कोहोलने पचन थांबवलेल्या) नमुन्यात डायटम, वाळू आणि लगदा वाढलेला दिसतो तो यामुळे.

क्रम असा ठेवा:

१. पाण्यातून बाहेर येताच कोळंबी बर्फ आणि खाडीचं पाणी यांच्या मिश्रणात बुडवा. नुसत्या बर्फावर ठेवू नका. बर्फाळ पाण्यात ती लवकर निपचित पडते.

२. मिनिट-दोन मिनिटांत बाहेर काढा. मोठी असेल तर शिरोवक्षाच्या (डोकं-छातीच्या भागाच्या) बाजूने इन्सुलिनच्या सिरिंजने थोडं स्थिरीकारक (फॉर्मॅलिन किंवा अल्कोहोल) टोचा. लहान असेल तर पाठकवचाला बारीक छेद पुरतो. तसंच अख्खं टाकलं तर कवचातून द्रव आत जायला वेळ लागतो आणि पचन चालूच राहतं.

३. बाटलीत टाका. द्रव प्राण्यांच्या निदान दसपट असावा. बाटली कोळंब्यांनी गच्च भरली की आतल्या नीट टिकत नाहीत.

४. बाटलीत पट्टी: जागा, तारीख, वेळ, भरतीची अवस्था, जाळ्याचा प्रकार, खारटपणा, तापमान. 'पकडल्याची वेळ' आणि 'स्थिर केल्याची वेळ' या दोन वेगळ्या नोंदी. दुसरी नोंद जवळजवळ कुणीच ठेवत नाही. ती ठेवलीत तर पुढे लगद्याचं प्रमाण आणि उशीर यांचा आलेख काढून स्वतःच्या नमुन्यांची पारख करता येते.

५. फॉर्मॅलिनमधले नमुने एक-दोन दिवसांनी पाण्यात धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवा.

नुसता बर्फ लावून कॉलेजला नेलं तर चालेल का, असं विद्यार्थी हमखास विचारतात. नाही. बर्फाने पचन मंदावतं, थांबत नाही. ऐरोलीहून ठाण्याला पूल ओलांडून जायचं म्हटलं तरी पीक अवरला किती वेळ मोडतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. डीएनएवरून अन्न ओळखायचा विचार असेल तर काही नग फॉर्मॅलिनपासून पूर्ण दूर, ९५ टक्क्यांवरच्या इथेनॉलमध्ये वेगळे ठेवा.

तपासा: त्याच दिवशी एक जठर उघडून पाहा. आतलं अन्न तुकड्यातुकड्यांचं दिसतंय की एकजीव पेस्ट? पेस्ट असेल तर उरलेलं वर्ष याच पद्धतीने नमुने जमवत बसू नका.

## टप्पा ६: जात, माप, लिंग, कात

पीनिइड आणि कॅरिडियन हे कोळंब्यांचे दोन गट वेगळे करायची खूण पोटावर आहे. कॅरिडियनमध्ये दुसऱ्या उदरखंडाची बाजूची पाळी पहिल्या आणि तिसऱ्या दोघांवर चढलेली असते, पीनिइडमध्ये पहिल्याची पाळी दुसऱ्यावर. पीनिइडच्या पहिल्या तीन पायांना चिमटे, कॅरिडियनच्या पहिल्या दोनच. अंबाड कॅरिडियन आहे. पोटाखाली अंडी चिकटलेली मादी दिसली तर ती पीनिइड नाही, पीनिइड अंडी थेट पाण्यात सोडतात. जात ठरवताना रोस्ट्रमचे (डोक्यापुढच्या करवती काट्याचे) वरचे-खालचे दात, पुच्छखंडावरचे काटे आणि नराचं पेटॅस्मा, मादीचं थेलिकम (प्रजननाचे बाह्य अवयव) पाहा. नुसत्या रंगावर जाऊ नका, फॉर्मॅलिनमध्ये रंग उडतो.

लांबी पाठकवचाची घ्या: डोळ्याच्या खोबणीच्या मागच्या कडेपासून पाठकवचाच्या मागच्या कडेच्या मध्यापर्यंत. रोस्ट्रम मोडतो, शेपटी वाकते, त्यामुळे पूर्ण लांबी दर वेळी थोडी वेगळी येते.

अंग मऊ, कागदासारखं लागतं का तेही लिहा. कात टाकण्याच्या आसपास कोळंबी खात नाही आणि कात टाकल्यावर कधी स्वतःचीच कात खाते. अशा नगांचं रिकामं जठर हे अन्नटंचाईचं लक्षण नव्हे. त्यांना वेगळ्या रकान्यात टाका.

## टप्पा ७: जठर बाहेर काढणं

पाठकवच पाठीच्या मध्यरेषेवर मागून पुढे कापा, कात्रीचं टोक वर उचलून. टोक खाली रुतलं की जठर फाटतं आणि अन्न हिपॅटोपँक्रियाजमध्ये मिसळतं. पिवळट-तपकिरी हिपॅटोपँक्रियाज दिसेल, त्याच्या पुढे पातळ पारदर्शक पिशवी. ते जठर. अन्ननलिका खालून तोडा, मागच्या बाजूला जठर आतड्याला मिळतं तिथे तोडा, पिशवी अख्खी उचला.

उघडण्याआधी ती बाहेरूनच पाहा आणि किती भरली आहे ते लिहा: ०, २५, ५०, ७५ किंवा १००. पिशवी एकदा उघडली की हा आकडा पुन्हा मिळत नाही, आणि टप्पा ९ त्याच्यावरच उभा आहे.

फक्त जठराच्या पुढच्या कप्प्यातलं अन्न घ्या. पाठीतून जाणारा तो काळा दोरा, जो आपण घरी साफ करताना काढून टाकतो, तो मधलं आतडं. त्यात उरतो तो न पचलेला कचरा. तो मोजलात तर वाळू, कवचं आणि डायटमच मोजाल.

## टप्पा ८: काचपट्टीवर काय दिसतंय

अन्न ग्लिसरीनच्या एक-दोन थेंबांत पसरा. आधी स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली चाळीसपटीपर्यंत, मग कंपाउंडखाली शंभर ते चारशेपट. वर्ग आठ-दहाच ठेवा आणि पहिल्या जठरापासून शेवटच्यापर्यंत तेच ठेवा.

स्वतःचे दात. सगळ्यात मोठी चूक इथे होते. कोळंबीच्या जठराच्या आत कायटिनचं अस्तर, मधला दात, बाजूच्या दातांच्या पट्ट्या आणि दाट केस असतात. पिशवी फाडताना त्यांचे तुकडे अन्नात पडतात आणि 'कवचधारींचे अवशेष' म्हणून लिहिले जातात. उपाय सोपा आहे. एक रिकामं जठर उघडून, धुऊन, त्याच्या दातांचे आणि अस्तराचे फोटो काढून बाकाजवळ लावा.

कवचधारी. सांधे असलेले पायांचे तुकडे, शृंगिका, जबडे. कोपेपॉडचा पोटाचा भाग बऱ्याचदा शाबूत सापडतो. मोजायचे असतील तर जबड्यांच्या जोड्या मोजा. पाय मोजून प्राणी ठरवू नका.

पॉलिकीट (अंगावर केस असलेले सागरी) जंत. अंग गेलेलं असतं, ताठ चकाकते केस जुडग्याने उरतात. त्यांच्यातल्या नेरिइड जंताचे तपकिरी, आकडेबाज, कडेला दाते असलेले जबडे दिसले तर एका जोडीला एक जंत. एवढ्याशा जबड्याच्या मागे केवढं मांस होतं हे लक्षात ठेवा, कारण आकारमानाने हा वर्ग नेहमी कमीच धरला जातो.

डायटम. कॉसिनोडिस्कस गोल, षटकोनी खणांच्या नक्षीचा. प्ल्युरोसिग्मा लांबट, किंचित दुहेरी वळणाचा. दिसला की लगेच 'डायटम खाल्ला' असं लिहू नका. पेशीच्या आत तपकिरी-हिरवा ऐवज आहे का पाहा. रिकामी कवचं चिखलाबरोबर आलेली असू शकतात, किंवा कोळंबीने जो जंत खाल्ला त्याच्या पोटातून. भरलेले आणि रिकामे असे दोन वेगळे रकाने करा. या एका सवयीने अहवालाचा दर्जा उठून दिसतो.

शिंपले, शंख, फोरॅमिनिफेरा आणि वाळू. कवचाच्या कचाला वाढीच्या रेषा असतात, फोरॅमिनिफेराला कप्पे. शंका असेल तर थोडासा अंश वेगळा काढून त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब सोडा. बुडबुडे आले तर चुनखडी, नाही आले तर बहुधा वाळू. सगळ्या नमुन्यावर आम्ल ओतू नका. वाळू अन्नात धरू नका, पण तिचं प्रमाण वेगळं नोंदवा: तळाशी चरत होती का, हे त्यावरून कळतं.

मासे. खवला, डोळ्याचं भिंग, कानातला खडा. एकटा खवला जाळ्यातूनही आलेला असू शकतो.

वनस्पती. पेशीभित्तींची चौकट दिसली तरच. तिवराचे केस दिसले तर तसं लिहा.

धागे. एकसारख्या जाडीचा, निळा-लाल, पेशी नसलेला धागा शैवाल नसतो. तो कापडाचा किंवा जाळ्याचा प्लास्टिक धागा असण्याची शक्यता जास्त. तो तुमच्या ॲप्रनमधूनही पडू शकतो, म्हणून काम करताना बाजूला ओली पेट्री डिश उघडी ठेवा. तिच्यात जितके धागे पडले तितकी तुमच्या खोलीतली भेसळ. ही डिश नसेल तर मायक्रोप्लास्टिकबद्दल एक शब्दही लिहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ओळख न पटलेला लगदा. याला स्वतंत्र वर्ग द्या. 'सेंद्रिय गाळ' हा शब्द फक्त तेव्हाच, जेव्हा चिखलाचे कण, कुजके वनस्पती-तंतू आणि जिवाणूंचे पुंजके प्रत्यक्ष दिसतात. टप्पा ३ मध्ये जमवलेला खाडीचा चिखल शेजारी ठेवून ताडून पाहा.

तपासा: दहा काचपट्ट्या दुसऱ्याला, क्रमांक झाकून, पुन्हा मोजायला द्या. मोठे फरक निघाले तर वर्गांच्या व्याख्या पुन्हा लिहा.

## टप्पा ९: आकडे

नुसती संख्या मोजायची पद्धत माशांना ठीक, कोळंबीला नाही. एका नेरिइड जंताला 'एक' आणि दोनशे डायटमना 'दोनशे' असं लिहिलं की कोळंबी शाकाहारी ठरते. इथे गुण-पद्धत आणि वारंवारता यांची जोडी वापरा.

गुण असे द्या. समजा एका कोळंबीचं जठर १०० टक्के भरलेलं आहे आणि त्यातलं निम्मं जंत आहे. जंताला ५० गुण. दुसरीचं जठर २५ टक्केच भरलंय, पण आत सगळं जंतच आहे. तिथे २५ गुण. भरलेपणा सोडून दिलात तर दुसरीने पहिलीच्या दुप्पट जंत खाल्ले असं दिसेल, प्रत्यक्षात तिने निम्मेच खाल्ले.

सगळ्या जठरांचे गुण वर्गवार जोडून टक्केवारी काढा. तो झाला आकारमानाचा वाटा. वारंवारता म्हणजे अन्न असलेल्या जठरांपैकी किती टक्क्यांत तो वर्ग सापडला. दोन्ही एकत्र आणायला नटराजन आणि झिंगरन यांचा १९६१ चा प्राबल्य-निर्देशांक भारतात सर्रास वापरतात: प्रत्येक वर्गाचा आकारमान-वाटा गुणिले वारंवारता, भागिले सगळ्या वर्गांच्या गुणाकारांची बेरीज, गुणिले १००.

समजण्यासाठी रचलेले आकडे घेऊ. आकारमान: गाळ ४०, जंत ३०, कवचधारी २०, डायटम १०. वारंवारता: अनुक्रमे ९०, ४०, ५०, ८०. गुणाकार ३६००, १२००, १०००, ८००. बेरीज ६६००. निर्देशांक: ५४.५, १८.२, १५.२ आणि १२.१. बघा, जंतांचा ३० चा वाटा १८ वर आला, कारण ते थोड्याच कोळंब्यांना मिळाले. गाळ वर गेला, कारण तो सगळ्यांच्या पोटात थोडाथोडा असतो. निर्देशांक चुकीचा नाही, पण तो सवयीच्या अन्नाला झुकतं माप देतो. म्हणून अहवालात तिन्ही रकाने छापा.

रिकाम्या जठरांची टक्केवारी स्वतंत्र द्या. सरासरीत त्यांना शून्य म्हणून मिसळू नका.

किती नग पुरे? एकेक जठर वाढवत नवे वर्ग मिळायचे कधी थांबतात याचा आलेख काढा. रेषा आडवी झाली की पुरे. प्रत्येक गटात अन्न असलेली वीस-तीस जठरं धरून सुरुवात करा. रिकामी निघतात, त्यामुळे पकडायला त्याहून बरीच जास्त लागतील.

## टप्पा १०: लिहिताना काय लिहू नये

'कोळंबी जंतांना पसंती देते' असं लिहायचं असेल तर चिखलात जंत किती होते तेही मोजलेलं हवं. पोटात जास्त सापडणं आणि निवडून खाणं या वेगळ्या गोष्टी. टप्पा ३ मधला चिखल मोजून ठेवला असेल तर इव्हलेव्हचा निर्देशांक काढता येतो: पोटातला वाटा वजा चिखलातला वाटा, भागिले दोन्हींची बेरीज. उणे एकपासून अधिक एकपर्यंत उत्तर येतं, शून्याच्या आसपास म्हणजे निवड नाही.

'ही कोळंबी तिवरांच्या पानांवर जगते' हेही जठरावरून लिहू नका. खाल्लेलं पान पचून अंगी लागलं का, हे पोट सांगत नाही. पोट शेवटचा घास सांगतं, तोही अर्धाच. अंगातला कार्बन तिवराचा की चिखलावरच्या सूक्ष्म शैवालांचा, हे पाहायला स्नायूंतल्या कार्बन आणि नायट्रोजनच्या स्थिर समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंची) तपासणी लागते. ती कॉलेजात होत नाही. पण शेपटीच्या स्नायूचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये न टाकता गोठवून ठेवला असेल तर पुढे कुठल्या संशोधन संस्थेत ती करून घेता येते.

अहवालासोबत जाळ्याचा प्रकार, पकडणं ते स्थिर करणं यातलं अंतर, भरतीची अवस्था आणि जठराचा कोणता भाग मोजला, हे चार तपशील पद्धतीच्या परिच्छेदात द्या. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला तुमच्या आकड्यांशी तुलना करायची झाली तर याशिवाय ती करता येणार नाही.

वापरलेलं फॉर्मॅलिन बेसिनमध्ये ओतू नका. वेगळ्या कॅनमध्ये साठवून, त्यावर नाव लिहून, कॉलेजच्या रासायनिक कचऱ्यात द्या. काचपट्ट्या आणि उरलेले नग परीक्षा होईपर्यंत नाही, निदान पुढची तुकडी प्रकल्प संपवेपर्यंत जपा. अल्कोहोल उडून जातं, दर दोन महिन्यांनी बाटल्या उघडून पातळी भरा.